धार की पाठ

थोरला खाटीक आडदांड, तापट आणि तोंडाने फाटका. बोकड सोलता सोलता गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायचा, आणि कोणी वजनावरून कुरकुरलं की अंगावर धावून जायचा. ओंडक्यावर मांस तोडायला सत्तुराची धार, नळी फोडायला पाठ. सत्तूर मुठीतल्या मुठीत फिरवायचा, त्याकडे बघायचं नाही, ही त्या घराची रीत. बघणारा तो नवशिका. थोरल्याचं डोकं फिरलं की हाताखालच्या धाकट्या भावालाही सत्तुराच्या पाठीनेच एखादा तडाखा ठेवून द्यायचा.

मग पाय ओढू लागला, बोटं बधिर झाली. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो समोर धरला. "मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूच्या पांढऱ्या भागात ज्या तारा असतात, त्यांच्यावरचं आवरण झिजतंय. मधे बरं वाटेल, पण अपंगत्व वाढत जाईल. हत्यार सोडा."

"भेजे मी रोज काढतो," थोरला म्हणाला. "मला नका शिकवू." घरी येऊन बायकोला दम भरला, "बाहेर बोललीस तर तंगडं तोडीन."

धाकट्याला सांगायची गरजच नव्हती. एका सकाळी थोरल्याने स्वतःच्या अंगठ्याचं टोक उडवलं आणि गिऱ्हाइकाशी हसत बोलत राहिला. धाकट्याने ते खिम्यातून वेचून काढलं आणि त्याचं मनगट धरलं.

"दादा, बस झालं. आजपासून ओंडक्यावर मी."

थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली. हिसडा देऊन त्याने सत्तूर मुठीत फिरवला आणि भावाच्या खांद्यावर हाणला. पाठ लागणार, याची त्याला खात्री होती. पण हाड तुटल्याचा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. धाकटा खाली कोसळला, हात नुसता लोंबत होता आणि रक्ताच्या चिळकांड्या भिंतीवर उडत होत्या.

दवाखान्यात हवालदाराने विचारलं, "मुद्दाम मारलंस की हात चुकला?"

हात चुकला म्हटलं असतं तर सुटला असता. पण तो भिंतीला टेकून ताठ उभा राहिला. "हात चुकायला मी काय लेचापेचा आहे? मुद्दाम मारलं."

"खोटं बोलतोय, साहेब," खाटेवरून धाकटा म्हणाला. "दादाच्या हातात आता काही राहिलं नाही. धार की पाठ, तेही त्याला कळत नाही."

थोरला त्याचा गळा आवळायला झेपावला. पायांनी दगा दिला. तो खाटेच्या कठड्यावर आपटला, ओठ फाटला. हवालदाराने त्याला काखेत धरून बाकावर बसवलं. भावाच्या रक्ताने भिजूनही न रडलेला तो माणूस तिथे हंबरडा फोडून रडला.

"मीच मारलं रे," तो धाकट्याच्या पाया पडत म्हणाला. "सांग ना त्यांना, मुद्दाम मारलं."