माझ्या कॅबिनेटमधला लाल धागा

कॉम्प्युटर मी बिघडवला आणि शिक्षा बायकोला दिली. हे कळल्यावरही मी अकरा दिवस गप्प राहिलो.

मी घरी बसून घरांचे नकाशे काढून देतो. बायको ब्लाउज शिवते. नागपुरातलं आमचं घर लहान; हॉलमध्ये एका भिंतीला माझं टेबल, समोर तिची शिलाई मशीन आणि खिडकीत कूलर. मागच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर फार तापायचा, म्हणून मी त्याच्या कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून कॅबिनेट कूलरच्या तोंडाशी सरकवलं आणि तिथंच राहू दिलं. या एप्रिलमध्ये तो मध्येच बंद पडू लागला. आत डोकावलो तर पंख्यावर करडा थर, आणि त्यात अडकलेला एक लाल धागा. मला तेवढा पुरला.

"तुह्या मशीनचे धागे जाते आत," मी म्हणालो. "मागं शेडमध्ये बस."

"त्या डब्ब्याले हवा पाहिजे, अन् मले नाही?" ती हसत म्हणाली.

मी हसलो नाही. संध्याकाळी तिनं मशीन टिनाच्या शेडखाली नेली.

मे महिन्यात ती ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन शिवायची. एका दुपारी तिचा घोळणा फुटला. रक्ताचे थेंब गिऱ्हाइकाच्या अस्तरावर पडले, तर नाक धरायचं सोडून ती आधी अस्तर धुवायला धावली. मी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. रक्त थांबलं तसा परत येऊन कूलरच्या हवेत नकाशा काढत बसलो.

पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्तीच्या दुकानातल्या पिकल्या केसांच्या माणसानं पंख्यावरचा थर नखानं खरवडला. वाळलेल्या चिखलासारखा त्याचा तुकडा निघाला.

"कूलरसमोर ठेवता का भाऊ? झाकण खोलून?"

"हो."

"मंग होनारच. ओली हवा, त्यात धूळ, कूलरच्या गवताचा भुसा. हे पांढरं दिसते ना, तो पाण्याचा क्षार."

"अन् धागे?"

"दोन-चार धाग्यानं काय होते? झाकण बंद ठेवा, पंख्याले जाळी लावा, अन् कूलरपासून दूर न्या."

घरी आल्यावर तिनं विचारलं, "निघाले का माहे धागे?"

"साफ करून आणलं," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त टोचलं. कॅबिनेट मी कोपऱ्यात नेलं, झाकण लावलं, जाळी बसवली. समोरच्या भिंतीशी तिची जागा रिकामीच होती. रोज जेवताना ठरवायचो, आज सांगू. ती वरण वाढायची आणि मी मीठ मागायचो.

बाराव्या दिवशी दुपारी पाणी प्यायला उठलो, तर शेडमध्ये ती मशीनवर डोकं टेकून बसलेली. मी सरळ मशीन आत ओढू लागलो.

"काहून ओढून राहिले? तुमच्या डब्ब्यात धागे जातीन ना."

मी थांबलो. "धाग्यानं नव्हता वं बिघडला. मीच कूलरसमोर उघडा ठेवला होता, त्यानं बिघडला. दुकानवाल्यानं साफ केला त्याच दिवशी सांगितलं होतं मले."

ती उठून उभी राहिली. "अन् मी इथं बसून राहिली?"

"हो. मले माहीत होतं, तरी तुले बसू दिलं. माफ कर मले."