नव्या तेलावरचा आळ

टॅक्सीच्या अड्ड्यावर त्याला सगळे सावकाश म्हणायचे. तो गाडी हळू चालवायचा, हळू जेवायचा, आणि आजचं भांडण उद्यावर टाकायचा. घरी बायको त्याला 'अहो' म्हणायची. ही गोष्ट खरं तर तिची आहे.

तळमजल्यावरची एक खोली, खिडकीशी शिवणाचं मशीन, खिडकीबाहेर गाडी. उशांचे अभ्रे शिवताना मान वर केली की रंग उडालेलं बॉनेट दिसायचं. गाडी इतकी जुनी, की किलोमीटरचे आकडे एकदा संपून पुन्हा शून्यावरून सुरू झाले होते. "ती पुन्हा तरुण झाली," सावकाश म्हणायचा, "आपण राहिलो तसेच." इंजिनाचं तेल वेळच्या वेळी बदलतो, असंही तो तिला सांगायचा. ती विचारत नसे. तोच सांगायचा.

मग त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पडल्या पडल्या तो खिडकीतून गाडीकडे बघत राही; एका रोग्याने शेजारच्या खाटेकडे बघावं तसा. तिला वाटलं, हा उठेल तेव्हा गाडीत काहीतरी नवं असावं. तेलाच्या दुकानात जाऊन तिने विचारलं. दुकानदाराने सिंथेटिक तेलाचा डबा पुढे सरकवला. "जुन्या इंजिनाला हेच घाला. कुरकुर विसरेल." शिवणातून बाजूला टाकलेल्या पैशांतून तिने तो घेतला.

अड्ड्यावरच्या एकाने गाडी मिस्त्रीकडे नेऊन दिली. ती डबा मांडीवर घेऊन शेजारी बसली होती.

मिस्त्रीने डबा उलटसुलट करून पाहिला. "तेल चांगलं आहे, वहिनी. पण जुन्या इंजिनाला मानवेल का, ते त्याच्या वयावर नसतं. आधी कसं सांभाळलंय त्यावर असतं. सावकाशराव तेल बदलत होते ना?"

"वेळच्या वेळी. त्यात त्यांचा आळस नाही."

मिस्त्रीने गाडीखाली शिरून बोल्ट काढला. तेल पडेचना. जरा वेळाने डांबरासारखी जाड तार खाली उतरली. त्याने मान वळवून वर पाहिलं. ती डबा छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्याने उघडलेलं तोंड मिटलं. नवं तेल भरून दिलं.

सावकाश बरा होऊन गाडीवर बसला तेव्हा इंजिन खरंच मऊ चालू लागलं होतं. "काय केलंस गं हिला?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याचा चेहरा क्षणभर पडला, मग तो हसला. त्या दिवसांत मशीनवर बसून ती गुणगुणायची.

पुढे गाडीखाली थेंब दिसू लागले. थेंबांचा डाग झाला. सावकाश एकटाच मिस्त्रीकडे जाऊन आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "तुझ्या त्या भारी तेलाने घात केला."

तो वरून तेल ओतत गाडी चालवत राहिला, आणि एका दुपारी चढावर, मागे गिऱ्हाईक बसलेलं असताना, इंजिन जाम झालं.

गाडी मिस्त्रीच्या अंगणात पडून राहिली. सावकाश एका दुकानाच्या वाहनतळावर लोकांच्या गाड्या लावून घेऊ लागला. कुणी विचारलं की म्हणायचा, "बायकोच्या हौसेने खाल्ली गाडी." हसत म्हणायचा, तिच्यासमोर. तीही हसायची. पण तिच्या हातातला धीर गेला. दूध तापवू का, दिवा लावू का, हा धागा चालेल का. प्रत्येक गोष्ट ती त्याला विचारायची. अभ्र्याचं कापड कापताना कात्री हवेत थांबायची.

शेवटी गाडी भंगारात द्यायचं ठरलं. आतलं सामान काढून न्यायला ती गेली. इंजिन उघडून ठेवलेलं होतं.

"भाऊ, एकदाच खरं सांगा. माझ्या तेलानेच ना?"

मिस्त्रीने हात पुसले. मग तिला जवळ बोलावून वरच्या झाकणाची आतली बाजू दाखवली. काळा थर, बोटाने खरवडला तरी न निघणारा.

"हे एका दिवसाचं नाही. जुनं तेल कधी काढलंच नाही, नुसतं वरून घालत गेले. रबरी सीलं केव्हाच तडकली होती, या गाळाने ती बुजली होती. नवं तेल साफ करतं, त्याचा धर्मच तो. गाळ सुटला, फटी उघड्या पडल्या. सुटलेला गाळ खालच्या जाळीत बसला, आणि इंजिनाला तेल पोचेना."

"म्हणजे तेल वाईट नव्हतं."

"माझ्या गाडीत तेच आहे. आणि ती हिच्यापेक्षा म्हातारी."

ती थरावरून बोट फिरवत राहिली. "हे त्यांना माहीत आहे?"

"थेंब पडायला लागले तेव्हाच सांगितलं. इंजिन खोलू म्हटलं. म्हणाले, राहू दे, घरी मी बघतो." तो थांबला. "मीही त्या दिवशी तुम्हाला बोलायला हवं होतं, वहिनी."

"हो," ती म्हणाली.

संध्याकाळी सावकाश आला. तो पायरीवर बसून बूट काढत होता. वाटभर तिने एक वाक्य जुळवून आणलं होतं.

"गेली होतीस मिस्त्रीकडे?"

"गेले होते."

"काय म्हणाला?"

एक बूट त्याच्या हातात तसाच राहिला. त्याने वर पाहिलं. ऑपरेशनला नेतानाही त्याच्या डोळ्यांत तिने एवढी भीती पाहिली नव्हती.

"काय म्हणणार? लोखंडाला भाव नाही म्हणाला."

"तेलाचं काही बोलला?"

"नाही."

त्याने बूट खाली ठेवला. खांदे सैल सोडले. मग आत येऊन तो बोलू लागला, किती दिवसांनी, मोकळेपणाने. आज एक गिऱ्हाईक स्वतःची गाडी समजून दुसऱ्याच्याच गाडीच्या कुलपाशी कसं झटत बसलं. त्या गाडीचा मालक शेजारी उभा राहून त्यालाच जोर लावायला कसा सांगत होता. "बस की जरा," तो म्हणाला, "सारखी काय उभी असतेस." त्याने तिला पाणीसुद्धा आणून दिलं.

ती बसली. त्याचं सांगून होईपर्यंत ऐकत राहिली, आणि जिथे हसायचं होतं तिथे हसली.