तिघांचा फोटो

मामाचा डबा कॅमेरा एका दिवसासाठी मिळाला आणि माझी मान ताठ झाली. रोलात आठच फोटो. म्हणून दोघा शाळासोबत्यांना आधीच बजावलं होतं की फोटो निघतील ते फुलांचे, माणसांचे नाहीत. वैशाखातली सकाळ होती. बुलढाण्याहून आम्ही पायीच राजूर घाटात उतरलो. बहावा पिवळाधम्मक लोंबत होता, कुडा पांढऱ्या फुलांनी भरला होता. मी एकेका झाडापुढे इतका वेळ लावला की आमचा पाटलाचा पोरगा सावलीला जाऊन भाकरी सोडून बसला.

दुसरा सोबती मलकापूरच्या मुसलमान कापडवाल्यांच्या घरचा. त्यांचं बिऱ्हाड आठवड्याभरात हैदराबादला, निजामाच्या मुलखात, कायमचं चाललं होतं. शेवटचा फोटो उरला तेव्हा तो म्हणाला, हा आपल्या तिघांचा काढू. माझा फुलांचा हट्ट तिथंच सुटला. पण पाटलाचा पोरगा अडून बसला. तिघांचा फोटो काढला की एकाचं बरंवाईट होतं, असं त्याच्या आईनं सांगितलेलं. मी त्याला वेड्यात काढलं, तर तो माझ्यावरच उखडला.

"हा इतका दूर जाऊन राह्यला. याले काही झालं तं आपल्याले कळन बी नाही."

मग चौथा शोधायला निघालो. शेळ्या चारणारे एक म्हातारबाबा भेटले. ते शेजारी उभे राहायला तयार, पण मग कळ दाबणार कोण? त्यांनी दाबली तर आम्ही पुन्हा तिघंच. भर उन्हात आमची हुज्जत चालली. शेवटी कंटाळून बाबांनीच एक काळी बकरी आमच्यात ढकलली. जीव मोजायचे तर बकरीही जीवच की! पाटलाच्या पोराला ते पटलं. मी बाबांना डबा पोटाशी कसा धरायचा, काचेत कुठं बघायचं ते दाखवलं. आम्ही बकरीला मध्ये घेऊन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले, आणि त्यांनी कळ दाबली.

त्यांच्या गाडीच्या दिवशी फोटोवाल्याकडून फोटो घेऊन मी आणि पाटलाचा पोरगा थेट मलकापूर स्टेशनावर गेलो. बहावा काळाठिक्कर आला होता. आणि आमचा फोटो? बाबांनी आपली बकरी शिंगांपासून शेपटीपर्यंत झकास टिपली होती. आम्ही तिघं मात्र गळ्यापर्यंतच. एकाचंही तोंड नाही. म्हाताऱ्याला शिव्या द्याव्यात की रडावं, मला कळेना.

जाणाऱ्यानं फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मी ओशाळून म्हणालो, टाकून दे तो. त्यानं जपून आतल्या खिशात ठेवला.

"राहू दे बे. तोंडं तं मले पाठ हायेत तुमची."

पाटलाचा पोरगा भर फलाटावर हमसून रडायला लागला, आणि त्याला गप्प करायचं सोडून मीही.