कुलपांची मोजणी

तुमच्या घराला चार महिने कुलूप राहिलं, तर तुम्ही त्या गावचे उरत नाही का?

जानेवारीतल्या एका दुपारी मोहापाणी पाड्यात मी लाल पेन घेऊन उभी होते आणि रकान्यात या प्रश्नाचं उत्तर लिहीत होते. एका रांगेत सात घरं. सातही बंद. सात वेळा मी लिहिलं : स्थलांतरित.

मी तालुका समूह संघटक आहे. म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या आशांचं काम जुळवून देणारी. आशा ही गावातलीच बाई असते. गरोदर बायकांची नोंद ठेवणं, त्यांना दवाखान्यात नेणं, बाळांच्या लसी चुकू न देणं हे तिचं काम. आमचा तालुका सातपुड्याच्या पायथ्याला आहे. नाव लिहीत नाही. लिहिलं तर दोष त्या एका तालुक्याचा वाटेल.

वरून पत्र आलं होतं. विषय : पुनर्रचना. ज्या आशाच्या हद्दीत ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी माणसं असतील, ती हद्द शेजारच्या आशाला जोडून टाकायची. मोजणी महिनाअखेर द्यायची. कागदावर यात गैर काही दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं.

आमच्या गाडीचे ड्रायव्हर आबा नरडाण्याकडचे. ते बोनेटला टेकून माझं काम बघत होते.

"मॅडम, मानसे मोजी राहिनात का कुलपे?"

"जे दिसतं ते मोजते, आबा."

"मंग कुलपेच मोजा. बठ्ठा पाडा गुजरातमा शे."

सगळा पाडा गुजरातेत गेलाय, यावर मी हसले आणि पुढच्या घराकडे गेले. तिथं दारासमोरची जागा झाडलेली होती. कुलूप मात्र होतंच. झाडणारी बाई खराटा घेऊन मागून आली. पाड्याची आशा, रेवलीबाई.

"बंद घरासमोर का झाडता?"

"वाळवी चढते ताई. दार खाते." मग तिने माझ्या रजिस्टरात डोकावलं. लाल शाई तिला लांबूनही कळते. "हे काय लिहिलं?"

मी सांगितलं. ज्याच्यापुढे ‘स्थलांतरित’ लागतं, ते नाव ड्यू लिस्टमधून निघतं. ड्यू लिस्ट म्हणजे या महिन्यात कोणाला कोणती लस, कोणती तपासणी द्यायची त्याची यादी. नावं कमी झाली की पाड्याचा आकडा कमी होतो, आणि आकडा कमी झाला की पाडा नाल्यापलीकडच्या मोठ्या गावाला जोडला जातो. तिथल्या आशाला पायी यायला दीड तास लागतो. तिला पाड्याची बोली येत नाही. पावसाळ्यात नाला तिलाही अडवणार आणि पाड्यातल्या बायकांनाही.

रेवलीबाई म्हणाली, "तुम्ही सुट्टीला धुळ्याला घरी जाता?"

"जाते."

"मग इथल्या तुमच्या खोलीला कुलूप असतं. परत येता तर साहेब नोकरीवरून काढतो का?"

आबा मोठ्याने हसले. मी नाही हसले.

तिने पिशवीतून आपली वही काढली. हे सरकारी रजिस्टर नव्हतं, शाळेची दोनशे पानी वही होती. एका घराला एक पान. कोण कुठल्या कारखान्याच्या ऊसतोडीला गेलं, मुकादमाचा नंबर काय, कोणत्या बाईला कितवा महिना, कोणत्या बाळाची कोणती लस राहिली. बंद घरांच्या पानांवर खाली एकच शब्द होता : येणार. मी जिथं स्थलांतरित लिहिलं होतं, तिथं तिने येणार लिहिलं होतं. माणसं तीच, घरं तीच.

"कधी येणार?"

"होळीला. होळीला कोण थांबतं तिकडे?"

त्या दिवशी रविवार होता. पाड्याच्या वर टेकडीवर एक सपाट दगड आहे. तिथंच रेंज येते. दर रविवारी रेवलीबाई त्या दगडावर बसून फोन लावते, कारण रविवारी तोडीवरच्या बायका बाजाराला जातात आणि त्यांच्याही फोनला रेंज येते. मी सोबत गेले. चौथा फोन झुनाला. वय वीस-एकवीस, पहिलं बाळंतपण, सातवा महिना. दोघी त्यांच्या बोलीत बोलल्या. मला ‘गोळ्या’ आणि ‘कार्ड’ एवढंच कळलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, तपासणीचं कार्ड आहे, गोळ्या संपल्या. मी सांगितलं, तिकडच्या आशाला दाखव. म्हणते, तिकडची आशा कोण, ठाऊक नाही. उसाच्या फडावर कोणी येत नाही."

"आणखी काय म्हणाली? बराच वेळ बोलत होती."

"विचारत होती, मोहाला फूल आलं का."

"तुम्ही काय सांगितलं?"

"अजून नाही. तू आल्याशिवाय येणार नाही, म्हटलं."

फोन ठेवल्यावरही ती उठली नाही. पश्चिमेकडे बघत बसली. तिकडे डोंगरापलीकडे डोंगर होते, दुसरं काही नव्हतं. मीही तिकडेच बघत बसले. माझं रजिस्टर मांडीवर होतं आणि पहिल्यांदाच त्यातली अक्षरं मला वाचवेनात.

आता माझी चूक सांगते. वरून महिना विचारला होता, तेव्हा मोजणीसाठी जानेवारी मीच सुचवला होता. रस्ते कोरडे असतात, हवा बरी असते, गाडी वरपर्यंत जाते. म्हणजे मोजणाऱ्याची सोय पाहिली. ज्यांना मोजायचं ते त्या महिन्यात घरी असतात का, हे विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांकडे गेले.

"सर, मोहापाणीची मोजणी होळीला परत करायची आहे."

"यादी महिनाअखेर जाते. आणि मॅडम, कुलपाला लस देता येते का?"

"नाही सर. पण कुलूप उघडल्यावर द्यायला कोणीतरी लागेल."

साहेबांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही. त्यांच्याही वर साहेब आहेत, एवढंच. "मुदत मागतो. पण कारण काय लिहू?"

"लिहा, संघटकाने चुकीच्या वेळी मोजलं."

"तसं लेखी द्याल? तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये रिन्यू व्हायचंय."

दिलं. पेन निळं वापरलं.

मुदत मिळाली. पुढची अडचण आमचीच. पाडा भरतो होळीच्या आठवड्यात, आणि नेमका त्याच आठवड्यात सगळा स्टाफ रजेवर असतो. उपकेंद्राच्या सिस्टरना मी म्हटलं, भोंगऱ्याच्या बाजारातच कॅम्प लावू. भोंगऱ्या म्हणजे होळीआधीचा आदिवासी बाजार. डोंगरातला माणूस कुठेही असो, त्या दिवशी तिथं येतोच.

"आणि माझ्या घरी पुरणपोळी कोण करणार? तुम्ही?"

"मी खायला येईन, सिस्टर."

"ते तर येतंच सगळ्यांना," असं म्हणून त्यांनी लसींचा डबा भरायला घेतला.

बाजारात ढोल वाजत होते. बासरी, चांदीचे दागिने, गुळाची जिलेबी. रेवलीबाई आमच्या टेबलाजवळ क्षणभरही बसली नाही. गर्दीत शिरायची आणि एकेकीला हाताला धरून आणायची. "हिचं दुसरं इंजेक्शन. ह्या बाळाचं काहीच झालेलं नाही." प्रत्येक वेळी वहीचं ते पान उघडायची आणि ‘येणार’वर एक रेघ मारून ‘आली’ लिहायची. ती रेघ मारताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

पुढचे दोन दिवस मी पाड्यात घरोघर फिरले. या वेळी दारं उघडी होती आणि चुली पेटलेल्या होत्या. ज्या अंगणात जानेवारीत मी लाल पेन चालवलं, तिथं एका म्हातारीने मला बसायला खाट टाकली. आकडा भरला. जेमतेम, पण भरला.

मोहापाणीची आशा मोहापाणीतच राहिली. माझं कॉन्ट्रॅक्टही रिन्यू झालं. माझ्या चुकीच्या कबुलीचं ते पत्र माझ्या फाइलला अजून आहे. असू दे. माणसं घरी असतील तेव्हा मोजावं, हे शिकायला मला एक पदवी, एक सरकारी गाडी आणि एक लाल पेन लागलं.

पण एका पानावर अजून ‘येणार’च आहे.

झुना आली नाही. तिचा दीर आला, त्याने सांगितलं : निघायच्या तीन दिवस आधी फडावरच बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी बऱ्या होत्या, पण एवढ्या लांब जीपमध्ये बसवेना, म्हणून नवरा आणि ती थांबले. पुढे दुसऱ्या कारखान्याकडे जाणार होते. कुठल्या, ते त्याला माहीत नव्हतं. बाळाला जन्मल्यावरची लस मिळाली का, तेही नाही.

होळीनंतर चार दिवसांत जीपा भरून परत गेल्या. रेवलीबाईने दिराच्या खिशात आपला नंबर लिहिलेला कागद घातला. तेव्हापासून दर रविवारी ती दगडावर बसते. झुनाचा फोन बंद लागतो. मोहाला फुलं आली, पडली, वेचून वाळवूनही झाली. झुनाच्या दारासमोर मात्र झाडलेलं असतं.

तुम्ही जिथं हे वाचताय, त्या गावाबाहेर ऊसतोडीच्या झोपड्या असतील, वीटभट्टी असेल, एखाद्या बिल्डिंगचं काम चालू असेल. तिथं लहान बाळ घेतलेली बाई दिसली तर एकदा थांबा. ती कुठली, हे विचारा. बाळाच्या लसींचं कार्ड आहे का, विचारा. तुमच्या भागातली आशा कोण ते शोधा आणि तिला त्या झोपडीपर्यंत घेऊन जा. आणि त्या बाईला तिच्या गावच्या आशाचा नंबर पाठ असेल, तर तुमच्या फोनवरून तो लावून द्या.

रविवारी लावा. रविवारी तिकडे रेंज असते.