उजव्या अंगाचा पक्षी

शनिवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल, टेबलावर काच, काचेवर पिवळी टेप आणि टेपवर पेन्सिलीने काढलेला बगळा. टेबलाचे मालक श्वास रोखून ब्लेडने बगळ्याची मान कापत आहेत.

त्यांना ‘मिलिमीटर’ म्हणतात. हे नाव मंडळाने दिलं. छोटी विमानं बनवणाऱ्या हौशी लोकांचं हे मंडळ रविवारी जमतं, आणि कुणाच्या विमानावरचं चिन्ह जरा जरी सरकलेलं दिसलं की हे खिशातून पट्टी काढतात. नोकरी बस आगारात, बसवर नंबर रंगवण्याची झाली. तिथे सगळं अंदाजपंचे चालायचं. घरी चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

काम समजायला सोपं आहे. टेपमध्ये चिन्हाच्या आकाराची खिडकी कापायची, म्हणजे झाला मास्क. तो विमानाच्या अंगावर चिकटवायचा, वरून रंग फवारायचा आणि टेप अलगद ओढायची. मागे राहतं ते चिन्ह.

वरच्या मजल्यावरचे कॅप्टन तरुणपणी टपालाचं विमान चालवायचे. निळं विमान, नाकाशी दोन्ही बाजूंना पांढरा बगळा. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाला मिलिमीटरनी त्या विमानाची हातभर लांबीची प्रतिकृती दिली. दोन्ही बगळे अगदी सारखे यावेत म्हणून टेपचे दोन थर एकावर एक ठेवून एकाच वेळी कापले होते. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत त्यांनी ते दोनदा सांगितलं.

बुधवारी कॅप्टनची सून ते विमान घेऊन खाली आली. “काका, फडकं मारताना याच्या नाकावरच्या पंख्याचं पातं तुटलं. ओरडू नका.”

पातं चिकटवलं. वाळेपर्यंत आधार द्यावा म्हणून विमान फिरवलं, आणि मिलिमीटरचे कान तापले. उजव्या अंगावरचा बगळा शेपटीकडे निघाला होता.

पक्षी नेहमी विमानाच्या नाकाकडे उडतो, डाव्या अंगावर आणि उजव्याही. त्यासाठी दुसरा मास्क पहिल्याच्या उलट, आरशात दिसावा तसा लागतो. यांनी दोन्ही एकसारखे कापले होते. विमानाच्या दोन्ही बाजू एका वेळी दिसत नाहीत, आणि उजवी बाजू आदल्या रात्री घाईत उरकली होती.

“परत ठेवताना डावी बाजूच बाहेर हं,” निघताना सून म्हणाली. “बाबांचा हुकूम आहे. उजवीकडून उन्हाने रंग उडतो म्हणे.”

कॅप्टनचं कपाट जिन्याच्या भिंतीला आहे. तिथे ऊन येत नाही. त्या कपाटाची मापं मिलिमीटरनीच घेतली होती.

संध्याकाळी ते वर गेले. बसले नाहीत.

“कधी लक्षात आलं तुमच्या?”

“त्याच दिवशी,” कॅप्टन म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, एकावर एक ठेवून बघा, केसाचा फरक नाही. म्हटलं, खरंच तर बोलतोय माणूस.” कॅप्टन हसले. “बसा हो. चहा घ्या.”

चहा घेतला. कॅप्टननी चार शिव्या घातल्या असत्या तर तो घशाखाली सोपा गेला असता. तीन वर्षं या माणसाने कपाट उघडताना, पुसताना, पाहुण्यांना दाखवताना त्यांची लाज भिंतीकडे वळवून ठेवली होती.

विमान भेट दिलं त्याच वर्षी मंडळात एक शिंपी येत असे. त्याच्या विमानावरचा तारा एका बाजूला किंचित वर बसला होता. मिलिमीटरनी पट्टी लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “गिऱ्हाइकाने सदरा तोंडावर फेकला असता.” सगळे हसले. शिंपीही हसला. पुढच्या रविवारपासून तो आला नाही. मंडळाचा दर्जा राखला, असं यांनी त्या दिवशी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं.

आज ती चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवते. बगळा कापून झाला आहे. या वेळी एकच, उजवीकडे तोंड केलेला.

“झाला ना? मग लावा की. जुन्यावर निळा मारायचा, वर हा. संध्याकाळपर्यंत कुणाला कळणार पण नाही.”

“म्हणूनच आज नको.”

“अहो, म्हणजे तसंच उद्या मंडळात नेणार? ती मंडळी सोलून काढतील तुम्हाला.”

“काढू देत. पण आधी शिंप्याला दाखवायचंय.”

“आणि त्याने दार लावून घेतलं तर?”

मिलिमीटर खिशातली पट्टी काढून टेबलाच्या खणात टाकतात, आणि विमान खोक्यात ठेवतात, उजवं अंग वर करून.

मंडळाची खोली रविवारी दहाला उघडते. शिंप्याचं दुकान त्याच वाटेवर आहे, आणि ते नऊला उघडतं.