लूमच्या आवाजात दिलेला खो

नसीमचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. "सर गेले गं," एवढंच ती म्हणाली. कोणते सर, हे मी विचारलं नाही. आम्हा दोघींना सर एकच, कामतघरच्या आमच्या शाळेत खो-खो शिकवणारे भोईर सर. त्याला आता महिना होऊन गेला...

खेळाच्या तासाला मी पुस्तक घेऊन पायरीवर बसायचे. एकदा सर समोर येऊन उभे राहिले. मूळचे कोन गावचे, बोलणंही तिथलंच. "पुस्तकवाले, कवापासून हाललीच न्हाईस तू! खो-खोत निम्मा खेळ बसण्याचा हाय. चल, बस आमच्यात." मागून नसीम ओरडली, "सर, ही बसल्या बसल्या झोपेल!" झोपले नाही, पण त्या दुपारी आठवल्या की अजूनही झोपेत पाहिल्यासारख्या वाटतात. मैदानाच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमची शेड होती. त्या खटखटीत स्वतःचा श्वासही ऐकू यायचा नाही. उन्हात कापसाचे तंतू तरंगायचे, मुली मुक्यानेच पळताना दिसायच्या, आणि मी उकिडवी बसून पाठीवर तळवा पडायची वाट बघायचे. तळवा पडला की उठायचं आणि पळायचं. "खो" म्हणणं आमचं कधी सुटलं, कळलंच नाही. म्हटलं तरी ऐकणार कोण? सरसुद्धा सगळं हातानेच सांगायचे.

नववीत आम्ही सामन्यांसाठी जवळच्याच पूर्णा गावी गेलो. आता तिथे गोदामंच गोदामं आहेत, तेव्हा नव्हती. मैदानाभोवती भातशेतं होती आणि इतकी शांतता, की आम्ही बावरलोच. पंचांची शिट्टी वाजली, "फाउल! खो ऐकू आला नाही." मग पुन्हा वाजली, आणि वाजतच राहिली. समोरच्या संघातली एक मुलगी हसून म्हणाली, "मुक्यांची शाळा हाय का गं तुमची?" आम्ही सपाटून हरलो.

मोठ्या बाईंना मैदानाचा तास दहावीच्या जादा वर्गासाठी हवाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना बोलावलं. आम्ही दाराबाहेर कान देऊन उभ्या. "साधा खो म्हणता येत नाही मुलींना. मग तास हवा कशाला?"

"चूक पोरींची न्हाय बाई, माझी हाय. पळायला शिकवलं, आवाज शिकवायचा राहिला. एक वर्ष द्या. हरलो तर तास तुमचा."

पण लूमच्या शेजारी आवाज शिकवायचा कसा? सरांनी वाट काढली. वीज गेली की शेड थांबायची, सगळं कामतघर एकदम निःशब्द व्हायचं, आणि सर वर्गाच्या दारात हजर. "बाई, लाईट आली का परत पाठवतो." त्या शांततेत मी पहिल्यांदा "खो" म्हटलं तेव्हा तो आवाज कुणा दुसरीचाच वाटला. "पोटातून, पुस्तकवाले! कुजबुज ग्रंथालयात कर." हळूहळू वीज आल्यावरही सर आम्हाला आत पाठवेनासे झाले. "आता लूमच्या वर जाऊ द्या आवाज."

पुढच्या वर्षी तेच मैदान, तोच संघ. थोडासा वेळ उरला होता आणि त्यांची एकच खेळाडू बाद व्हायची होती. मी नसीमच्या मागे पोहोचले आणि सवयीने सरांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले होते, मुद्दामच. मी ओरडले. शेतातले बगळे उडाले, असं नसीम अजून सांगते. ती उठली, झेपावली, आणि आमचा तास वाचला.

परवा सरांच्या घरून परतताना शाळेत डोकावले. शेवटचा तास अजून मैदानाचाच आहे. नव्या ताई शिकवतात. शेडच्या खिडकीतून एक कामगार वैतागून ओरडला, "अरे बेटी, धीरे! धागा टूट जाएगा!" मुली खिदळल्या आणि आणखी जोरात खेळू लागल्या. मी पायरीवर बसून राहिले... लूम चालू होते. तरी एकेक खो स्वच्छ ऐकू येत होता.