धुडकू आप्पाचं उलटं बोलणं

धुडकू आप्पाला खरं तर माईकची गरज नव्हती. उभा जन्म सुरतेत, उधन्याला, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेला माणूस. घरात मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून वाटी यायची. तरीसुद्धा आमच्या डिंडोलीत कबड्डीचे सामने लागले की मंडळाची पोरं माईक आप्पाच्याच हातात द्यायची, कारण त्याला खेळ कळायचा आणि बोलताना तो कुणाची भीड ठेवायचा नाही. सगळ्यात कमी भीड ठेवायचा ती पोटच्या पोराची.

पोरगा योगराज. कॉलेजात शिकणारा, चढाईचा गडी. त्याने गुण आणला की माईकवरून आवाज येणार, "समोरचा घसरला म्हणून वाचला, मंडळी! टाळ्या त्या घसरणाऱ्यासाठी वाजवा!" आणि पकडला गेला की मग विचारूच नका. "गेला! हाऊ पोर्‍या काहीच कामना नही शे!" सगळं मैदान हसायचं. त्याच संघात, त्याच कॉलेजातला लखन गुण घेऊन आला की हाच आप्पा ओरडायचा, "वाघ! वाघ आहे वाघ!" नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, योगराज सावत्र असावा आणि लखन सख्खा.

आम्हा खानदेशी माणसांना त्यात नवल वाटत नसे. धुडकू म्हणजे काय, तर चिंधी. आप्पाच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून त्याच्या आईने याचं नाव धुडकू ठेवलं. चिंधीला कोण दृष्ट लावणार? कुणी म्हणालं, बाळ गोड आहे हो, तर ती म्हणायची, कसलं गोड, माकड नुसतं. आणि हा जगला. तेव्हापासून आप्पाच्या लेखी हे औषध सिद्ध झालेलं. योगराजच्या वेळी त्याने असलंच एखादं नाव सुचवलं होतं, पण त्याची बायको सरलाबाई अडून बसली. सुरतेत जन्मलेल्या पोराला मी उकिरडा म्हणून हाक मारणार नाही, म्हणाली. मग नाव चांगलं ठेवल्याची जोखीम आप्पा तोंडाने निस्तरत राहिला.

या रीतीचा दुसरा अर्धा भाग ऐकणाऱ्याकडे असतो. बापाने पोराला नावं ठेवली की ऐकणाऱ्याने ती खोडून काढायची. "नाही हो आप्पा, पोरगा हिरा आहे." मग बापाने म्हणायचं, "कसला हिरा!" आणि मनातल्या मनात सुखावायचं. चहाच्या गाडीवर रोज संध्याकाळी आप्पा स्वतःच्या पोराचं कौतुक असं दुसऱ्यांच्या तोंडून काढून घ्यायचा. मी कितीदा ते म्हटलंय आणि त्यावर कितीदा फुकटचा चहा प्यालोय. योगराजला मात्र हे कुणी समजावून सांगितलं नाही. असल्या गोष्टी पोराला सांगायच्या नसतात. सांगितल्या की त्यांचा गुण जातो म्हणतात.

लखन चांगला की योगराज, हा आमच्या गाडीवरचा कायमचा वाद. गुण मोजणारे लखनचं नाव घ्यायचे, आणि गुण त्याचे जास्त होतेच. पण कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. ती तिसरी चढाई नेहमी योगराजच्या गळ्यात पडायची. समोर सातच्या सात गडी हाताला हात धरून उभे आणि हा रिकामा परतू शकत नाही हे त्यांना ठाऊक. योगराजने त्यातले दोन-तीन कमी केले की मग लखन जायचा आणि हात लावून यायचा. जिंकलो तर लखनने जिंकवलं. हरलो तर योगराज ऐनवेळी पकडला गेला. आपल्या बचावातले कोपऱ्यावरचे गडी हातात आलेला पाय सोडून देतात, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. माझं डोकं फिरायचं.

हे सगळं आप्पाला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. घरी जाताना मागे कुणी ऐकत नाही ना हे बघून तो हळूच, म्हणजे त्याच्या मानाने हळूच, म्हणायचा, "प्रशांत, तिसरी चढाईले जावाले छाती लागस. लखन जाई का?" आणि लगेच बाजूला थू थू करायचा.

यंदाच्या थंडीत विद्यापीठाच्या संघाची निवड होती. चढाईच्या गड्याची एकच जागा उरली होती आणि त्या जागेसाठी नावं दोन, लखन आणि योगराज. निवड समितीतले एक सर सामना बघायला आले. वलसाडकडचे गुजराती गृहस्थ, सभ्य. मंडळाने त्यांना खुर्ची दिली ती नेमकी आप्पाच्या शेजारी. मी पलीकडच्या टोकाला गुणफलकाचे आकडे बदलत होतो. त्यामुळे तिथलं बोलणं मला नंतर आप्पाने सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की ते मला आता पाठ झालंय.

योगराज तिसऱ्या चढाईला गेला आणि दोघांना बाद करून आला. सर म्हणाले, "छोकरो जोरदार छे, काका."

परक्या माणसाने, भर मैदानात, इतकं मोकळं कौतुक केलेलं. आप्पा घाईघाईने म्हणाला, "क्या जोरदार, साहब! तुक्का लग गया."

सर त्याच्याकडे वळले. "आप तो दोनों को बरसों से देख रहे हो. ये इतनी बार आउट क्यों होता है?"

"दबाव में टूट जाता है. इसका भरोसा नहीं, साहब. असली खिलाडी लखन है."

एवढं बोलून आप्पा थांबला. माईक खाली धरून थांबला. आता सर म्हणतील, नाही काका, पोरगा चांगला आहे. सर म्हणाले, "सही बात. अच्छा हुआ आपसे पूछ लिया." आणि उठून दुसरीकडे गेले.

आधी आप्पाला वाटलं, सर चेष्टा करताहेत. मग वाटलं, सामना संपल्यावर सांगू. सामना संपेपर्यंत सरांची गाडी निघून गेली होती. आणि सांगायचं तरी काय होतं? माझा मुलगा चांगला आहे, हे वाक्य आप्पाने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं.

लखनची निवड झाली. सोसायटीत पेढे वाटले गेले. आप्पाने एक पेढा हातात घेतला आणि तो तसाच धरून उभा राहिला. त्यानंतर तो चहाच्या गाडीवर येईनासा झाला. कामावरून यायचा तो मागच्या गल्लीने. मीच एकदा त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं, तेव्हा भिंतीकडे बघत त्याने सगळं सांगितलं.

"आप्पा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं. "त्या माणसाला काय माहीत तुम्ही बाप आहात ते?"

"माले वाटनं, तो म्हनी का, नही काका, पोर्‍या चांगला शे."

"तो कसं म्हणेल? तो काय आपल्यातला आहे?"

आप्पा म्हणाला, "मन्हा तोंडले आग लागो." राग मला त्या सरांचाही आला होता. चार सामने नीट बघायचे सोडून माईकवाल्याला कसलं विचारताय?

दुसऱ्या दिवशी मी त्याला मोटरसायकलवर बसवून सरांच्या ऑफिसात नेलं. आप्पाने लग्नाकार्यात घालायचा शर्ट घातला होता. चपला त्याने दाराबाहेर काढल्या, मी नको म्हणत असताना. आणि आत जाऊन त्याने आयुष्यात पहिल्यांदा पोराचं कौतुक केलं. तेही लूमवरच्या आवाजात. बाजूच्या खोल्यांतली माणसं दारात येऊन उभी राहिली. तिसरी चढाई कुणाच्या वाट्याला येते, लखन कधी जातो, बचावातून पाय कसे सुटतात, सगळं सांगितलं.

सरांनी मधे तोडलं नाही. शेवटी विचारलं, "आप उसके पापा हैं?"

"हाँ, साहब."

सर हसले, कुत्सित नाही, समजुतीने हसले. "काका, हर बाप को अपना ही बेटा अच्छा लगता है."

"उस दिन मैं झूठ बोला, साहब."

"उस दिन मुझे पता नहीं था आप बाप हैं. इसीलिए आपकी बात सच लगी." मग म्हणाले, "और सिर्फ आपकी बात पर नहीं किया. मैंने लडके को बुलाकर पूछा था, तू दबाव में टूटता है क्या. उसने खुद हाँ कहा."

परतताना मागे बसून आप्पाने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की उधन्याच्या पुलावर मला त्याला हात सैल करायला सांगावं लागलं.

घरी सरलाबाई साड्यांना लेस लावत बसली होती. योगराज कॉटवर पडून मोबाईल बघत होता. त्या वेळेला तो एरवी सरावाला असायचा. आप्पा दारातच उभा राहिला.

"सरनी तुले काय ईचारं व्हतं?"

योगराज उठून बसला. "कुठले सर?"

"दबावनं."

"हो. विचारलं त्यांनी, दबावात मोडतोस का."

"मंग?"

"मी हो म्हटलं."

"खोटं कसाले सांगं रे, भाऊ?"

योगराज चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही, त्याला नुसतं आश्चर्य वाटलं. "खोटं कुठे, आप्पा? बाकीचे सगळे तोंडावर गोड बोलतात. हा प्रशांतकाकासुद्धा. खरं सांगणारे तुम्ही एकटेच."

सरलाबाईची सुई थांबली. आप्पाने दाराची चौकट धरली. मोठ्याने बोलायचं त्याला जमेना. त्याचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. "नही रे... तू लखनथून चांगला शे. पहिलेपासूनच शे."

योगराज हसला, आणि उठून बापाच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला, "आप्पा, माझी समजूत काढू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

पाणी आणतो म्हणून तो आत गेला. धुडकू आप्पाने त्या चांगल्या शर्टाच्या बाहीत तोंड लपवलं. शरमेने त्याला बायकोकडे बघवेना आणि माझ्याकडेही बघवेना.